डाव्या कानाचं भोक

१

“एक राहू दे रे.”

शेडच्या गोंगाटावरून तरंगत येणारा अब्बांचा तो आवाज उझमाला अजून ऐकू यायचा. ती शाळेतून यायची, दप्तर ओट्यावर टाकायची, तेव्हा आत पेरणी यंत्राचं काम उरकत आलेलं असायचं. धुळाप्पा मिस्त्री शेवटच्या भोकाला ड्रिल टेकवणार, तेवढ्यात अब्बा म्हणायचे, एक राहू दे रे, धनी आल्यावर पाडू. मग यंत्राचा धनी ट्रॅक्टर घेऊन यायचा. धुळाप्पा नारळ फोडायचा, अब्बा बिस्मिल्ला म्हणायचे, आणि राहिलेलं भोक धन्याच्या डोळ्यांदेखत पडायचं. छोटी उझमा खोबऱ्याचा तुकडा चघळत बघत राहायची. असं का, हे तिनं कधी विचारलं नाही. दिवस पूर्वेला का उगवतो, हे तरी कुठं विचारलं होतं.

अब्बांना, समदमिस्त्रींना, जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवं यंत्र टेम्पोत घालून पोचवायला निघाले, ते महामार्गावरून परत आले नाहीत. नळदुर्गची शेड मात्र उभी राहिली. आधी धुळाप्पाच्या हातांवर, आता उझमाच्या डोक्यावर.

आज शेडसमोर मुरुम गावच्या वैजनाथचा टेम्पो उभा होता. वैजनाथकडं लोखंड कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन होतं. पूर्वी इथं पत्र्यावर खडूनं आखायचे नि गॅसनं कापायचे. डिप्लोमा करून आलेल्या उझमानं ते बदललं. आता ती ड्रॉइंग क्लाउडवर काढायची. म्हणजे ते शेडच्या कॉम्प्युटरात नसायचंच. इंटरनेटवर कुठंतरी असायचं, नि तिच्या नावानं कुठूनही उघडायचं. इथं रेघ हलली की मुरुमात त्याच क्षणी हललेली दिसायची.

“आभाळात ठिवलेलं चित्र,” धुळाप्पा म्हणायचा. “वारं सुटलं की काय करशील, माय?”

उझमा एरवी हसायची. आज हसू आलं नाही.

ट्रॅक्टर पेरणी यंत्राला दोन कानांना धरतो, एक डावा, एक उजवा. कान म्हणजे जाड लोखंडी पट्टी. प्रत्येकीला एक भोक, भोकात खुंटी. वैजनाथनं उतरवलेल्या उजव्या कानांना भोकं होती. डावे कान कोरे होते. एकूण एक.

“परत?” उझमा म्हणाली.

“माझ्याकडं काय बघतीस? तुझ्या ड्रॉइंगात जे हाय ते कापलं. मशीन माझं, अक्कल तुझी.”

मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. तेव्हा तिला वाटलं, आपलीच चूक. हातानं भोक पाडून तिनं नमुना दिला. यंत्रांची ऑर्डर देणाऱ्या ईट गावच्या शेतकरी कंपनीची मॅनेजर समृद्धी स्वतः बघायला आली होती. खुंटी जराशी तिरकी बसली, नि समृद्धीनं नकाराची मान हलवली. “सगळी यंत्रं एका साच्यातली पाहिजेत, उझमा. एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. हातचंच घ्यायचं तर आमच्या गावातला लोहार काय वाईट होता?” आता शुक्रवारी पहिलं यंत्र ईटला पोचलं नाही, तर सगळी ऑर्डर लातूरकडं जाणार होती. रब्बीची ज्वारी कुणासाठी थांबत नाही.

“मी स्वतः घेऊन येते,” उझमानं सांगितलं होतं. “ड्रायव्हरशेजारी बसून.”

थोरला भाऊ अल्ताफ ओट्यावर पाय हलवत बसला होता. “ऑर्डर गेली की शेड वजीरभाईच्या ढाब्याला. ट्रक लावायला जागा पाहिजे त्याला. ठरलंय आपलं.”

ठरलं होतं. भांडणाच्या भरात उझमानंच हो म्हटलं होतं.

तिनं फोनवर ड्रॉइंग उघडलं. डावा कान कोरा. पण काल तिनं स्वतः बघितलं होतं, भोक होतं. या ड्रॉइंगला इतिहास असतो, कुणी केव्हा काय बदललं ते त्यात राहतं. तिनं इतिहास उघडला.

बदल काल दुपारी झाला होता. करणाऱ्याचं नाव होतं, उझमा.

२

“मॅडम, माझं डोकं फिरलंय का?”

दीपमाला मॅडम तुळजापूरला राहायच्या. आयटीआयत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या. उझमानं पहिली सरळ रेघ त्यांच्या हाताखाली मारली होती.

“काय बघितलंस ते आधी सांग,” मॅडम म्हणाल्या. “काय वाटलं ते नंतर.”

उझमानं सांगितलं. मधेच एक वाक्य अडलं. “आणि मॅडम, भोक पुसलेलं नाही. झोपवलंय.”

“म्हणजे?”

“यात तशी सोय आहे. एखादी गोष्ट नको असली तर पुसायची नाही, झोपवायची. यादीत ती राखाडी होऊन पडून राहते. हवी तेव्हा उठवायची.”

“कधी झालं म्हणालीस?”

“काल दुपारी.”

“काल दुपारी तू माझ्या घरी होतीस,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “हेच ड्रॉइंग तू मला दाखवलंस. डाव्या कानावर बोट ठेवून मी विचारलं, खुंटी केवढ्या जाडीची. मग फोन पर्समध्ये गेला नि आपण पिठलं-भाकरी खाल्ली.”

उझमानं फोन कानाशी घट्ट धरला. फोनमधून लांबवरच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला, की तो इकडचाच होता, तिला कळेना.

“म्हणजे एक उझमा माझ्यापुढं भाकरी मोडत होती,” मॅडम म्हणाल्या, “आणि दुसरी उझमा कुठंतरी भोक झोपवत होती. उद्या येते मी. भोक झोपवलंय हे कुणाला सांगू नको. नुसतं ‘गेलं’ म्हण. आणि ड्रॉइंगला कुलूप लावू नको.”

“कुलूप लावलं तर वाचेल ना भोक.”

“भोक वाचेल. पण घरातलं कोण, ते कळणार नाही. मग तू जेवताना एकेकाच्या तोंडाकडं बघत बसशील.”

उझमानं त्या रात्री तेच केलं.

३

दीपमाला मॅडम एसटीतून उतरल्या, खांद्याला झोळी, तोंडात बडीशेप. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी कोरा कान उचलून वरून बघितला, समोरून बघितला, बाजूनं बघितला.

“कुठलीही वस्तू तीन बाजूंनी काढायची असते,” त्या उझमाला म्हणाल्या. “एका बाजूनं दिसतं ते खोटं नसतं. अपुरं असतं. आता सांग, तुझ्या नावानं हे ड्रॉइंग कुठं कुठं उघडतं?”

“ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. माझ्या फोनवर.”

“बस?”

“बस.”

धुळाप्पा बाभळीखाली बिडी ओढत होता. मॅडमना बघून त्यानं ती पाठीमागं धरली.

“मिस्त्री, परवा दुपारी कुठं होता?”

“हितंच की, या झाडाबुडी. डीपी जळाला व्हता. सकाळधरनं लाइट न्हाय. शेड बंद, पंखा बंद, कंपुटर बंद. म्या पालथा पडलो निवांत.”

“भोक गेलं, बरं वाटलं का?”

धुळाप्पा हसला. पुढचा एक दात नव्हता त्याला. “खरं बोलू का, बाई? वाटलं. समदभाईच्या टायमाला एक भोक राहायचंच. आता ही पोर समदी भोकं मुरुमातनंच पाडून आणायली. धनी येतो, सही करतो, घेऊन जातो. नारळ न्हाय, काय न्हाय. लग्नात अक्षता न टाकता जेवायला बसल्यावानी वाटतं.”

उझमानं चमकून मॅडमकडं बघितलं. मॅडमचा चेहरा हलला नाही.

“तुम्हाला हे ड्रॉइंग उघडता येतं?”

“शिकवलं की पोरीनं. ओट्यावर बसून, भाभी ज्वारी निवडायच्या तिथंच, चांगलं चार दिस. टॅब का काय म्हणतात ती काचेची पाटी आणली खास माझ्यासाठी. पर काच माझं बोट मानंना.”

त्यानं हात पुढं केला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नि घासलेल्या लोखंडानं बोटांची टोकं शिंगासारखी झाली होती. मॅडमनी आपला फोन त्याच्यापुढं धरला. धुळाप्पानं बोट टेकवलं, दाबलं, घासलं. काचेनं दाद दिली नाही.

“बघा,” तो म्हणाला. “माणसं मानत्यात, काच न्हाय.”

उझमाला हायसं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. मग आता कोण?

अल्ताफ स्वतःहून आला. “मॅडम, माझ्यावर डाउट असेल तर सरळ विचारा. मला शेड ढाब्याला द्यायचीय, मी तोंडावर बोलतो. चोरून भोकं कशाला बुजवू?”

“परवा दुपारी?”

“सोलापूरला. वजीरभाईबरोबर. फरशी निवडायला.”

“ढाब्याची?”

“आता उशीर कशाला करायचा,” अल्ताफ म्हणाला, नि उझमाची नजर चुकवली.

“शरम तर असू दे थोडी, भाई.”

“शरम ठेवली असती तर फरशी महाग पडली असती.”

मॅडम बडीशेप चावत राहिल्या. उझमाला वाटलं, भावाच्या खिशातला फोन खिशातून उडी मारून काहीतरी सांगेल. पण फोन फोनसारखाच पडून राहिला.

४

वैजनाथ पट्ट्या परत न्यायला आला, तेव्हा मॅडम त्याच्या टेम्पोच्या फाळक्यावरच बसल्या.

“दोनदा कापलं की दोनदा मजुरी,” धुळाप्पा लांबून पुटपुटला, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“ओ मिस्त्री, दोनदा कापलं की माझ्या नावाला दोनदा बट्टा. ईटवाले मलाबी ओळखतात.” वैजनाथनं फोन काढून मॅडमसमोर धरला. “हे बघा, मला नुसतं बघायची मुभा. हात लावायला गेलो की हाकलतंय. पोरीनंच तसं करून ठेवलंय. परक्याला खिडकी, दार न्हाई.”

खरं होतं. उझमानंच तसं केलं होतं. तिनं ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं. मुरुमचा माणूस नव्हे, भाऊ नव्हे, मिस्त्री नव्हे. मग उरलं कोण? उरली ती एकटीच, आणि ती तर तुळजापुरात भाकरी खात होती. आपल्याच नावाची कुणी दुसरी या घरात वावरते, आपल्या मागून चालते, आपण वळलो की थांबते, असं काहीतरी तिला वाटायला लागलं.

“चहा कुठं मिळेल?” मॅडमनी विचारलं.

घर शेडला लागूनच होतं. सायराबी, उझमाची आई, स्वयंपाकघरात जुन्या साड्यांची वाकळ शिवत बसल्या होत्या. शेजारी परातीत ज्वारीचं पीठ मळायला काढलेलं. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबमधून बारीक आवाजात कव्वाली. सायराबी मात्र आपलंच काहीतरी गुणगुणत होत्या:

सरलं काम घेऊन
पाव्हणा गेला दूरदेशी
राहिल्या टाक्यापाशी
येतो फिरून

मॅडम दारातच थांबल्या. “कुणाची ओवी भाभी?”

“कुणाची म्हणायची. गावाकडं बाया म्हणायच्या वाकळ शिवताना. या, बसा. चहात साखर कमी का जास्त?”

“जास्त. एवढी सुरेख वाकळ, आणि हा कोपरा तसाच?”

“तो राहू द्यायचा असतो. जिची वाकळ तिनं पांघरली की मग टाका घालायचा.”

“जिची म्हणजे कुणाची?”

सायराबींनी उझमाकडं बघितलं नाही. “हिचीच. आता जायचं म्हणते ना कुठं कुठं.”

“ईटलाच तर जायचंय, अम्मी. विलायतेला नाही.”

“रस्ता तोच आहे,” सायराबी म्हणाल्या नि चुलीकडं वळल्या.

मॅडमनी बशीत चहा ओतला. “भाभी, पोरीच्या ड्रॉइंगातलं भोक गेलं. ऐकलं असेल तुम्ही.”

“ऐकलं. रात्रभर तळमळत होती. गेलं तर गेलं, उठवा की परत. त्यात काय एवढं.”

मॅडमनी एक घोट घेतला. मग दुसरा. बशी खाली ठेवताना त्यांचा हात अगदी हळू झाला होता.

“दुपारची, जोहरची नमाज किती वाजता होते इथं?” त्यांनी भलतंच विचारलं.

५

दुपारी मॅडमनी तिघांना शेडमध्ये बोलावलं. अल्ताफ, धुळाप्पा, वैजनाथ. उझमा कॉम्प्युटरशी बसली.

“फोन काढा. इथं ठेवा, टेबलावर. उझमा, तुझाही. आता भोक उठव.”

उझमानं उठवलं. मोठ्या पडद्यावर डाव्या कानात गोल डोळा उघडला.

“आता?” अल्ताफनं विचारलं.

“आता हात मांडीवर ठेवून बसायचं.”

“सिनेमा हाय का?” धुळाप्पा म्हणाला. “मग शेंगा तरी आणायच्या.”

मशिदीतली अजान होऊन गेली होती. पंखा फिरत होता. वैजनाथला डुलकी लागली, तो स्वतःच्याच घोरण्यानं जागा झाला. अल्ताफ उठून जायला निघाला, मॅडमनी नुसतं बघितलं, तो बसला. उझमाला वाटत होतं, हे सगळं वेडेपण आहे. आणि तिला वाटत होतं, काही होऊ नये. काही झालं नाही तर निदान सगळे आपलेच राहतील.

तेवढ्यात पडद्यावरचा डोळा मिटला.

कुणी काही दाबलं नव्हतं. चौघांचे हात मांडीवर होते, फोन टेबलावर होते. डावा कान कोरा झाला होता.

“समदभाई,” धुळाप्पाच्या तोंडून निघालं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“समदमिस्त्रींना क्लाउडवर कुणी नाव काढून दिलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “बसा. वरून, समोरून, बाजूनं, तिन्हीकडून बघू.

“वरून. दुश्मनाला ऑर्डर बुडवायची असती तर त्यानं माप हलवलं असतं, असं की यंत्र शेतात मोडेपर्यंत कळू नये. इथं दोन्ही वेळेला तेच एक भोक गेलं. आणि तेही पुसलं नाही, झोपवलं. पुसतो तो राग. झोपवते ती माया.

“समोरून. परवा दुपारी लाइट नव्हती. कॉम्प्युटर मेलेला. उझमाचा फोन माझ्या घरी, तिच्या पर्समध्ये. म्हणजे उझमाच्या नावानं उघडणारी तिसरी वस्तू आहे, बॅटरीवर चालणारी. उझमा, तू मला दोनच सांगितल्यास. मिस्त्रींच्या बोटाला जी काच मानेना, ती तू कुणाच्या नावानं उघडून दिली होतीस?”

उझमानं घराकडं बघितलं. “माझ्याच. मग ती इथं नुसती पडून होती, म्हणून अम्मीनं...”

“म्हणून तिच्यावर कव्वाल्या लागल्या. नमाज झाली की ती परत हातात येणार, म्हणून मी जोहरची वेळ विचारली. रोज डोळ्यापुढं असलेली वस्तू मोजायची राहून जाते.

“आता बाजूनं. शेवटचं भोक राहू द्यायचं, ही रीत कुणाला ठाऊक? मिस्त्रींना. त्यांचं बोट चालत नाही. आणखी कुणाला? ओट्यावर चार दिवस मिस्त्रींची शिकवणी चालली, तेव्हा जवळच बसून ज्वारी कोण निवडत होतं? मी सगळ्यांना ‘भोक गेलं’ म्हटलं. अल्ताफ म्हणाला ‘बुजवलं’. एकच माणूस म्हणालं, ‘उठवा’. ते झोपलंय हे ज्याला ठाऊक असेल, तोच उठवा म्हणेल.”

अल्ताफनं टेबलावरचा फोन उचलला, परत ठेवला.

“पर का?” धुळाप्पानं विचारलं. “पोटची पोर हाय ती.”

“ते मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तेवढी एक रेघ तुटक आहे.”

६

नमाजाची चटई, जानमाज, घडी करून खुंटीला टांगलेली होती. सायराबींच्या मांडीवर टॅब होता, काचेवर पिठाच्या बोटांचे ठसे.

“अम्मी.”

त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. “मीच झोपवलं,” त्या म्हणाल्या. “पुसलं नाही. पुसायचा जीव झाला नाही.”

“माझी शेड जाईल अम्मी. अब्बांची शेड.”

“पहिल्या वेळी मला तसं वाटलं नव्हतं. वाटलं, रीत आहे, धनी आला की पाडतील. मग तो नमुना परत आला.”

“मग दुसऱ्या वेळी? आज?”

सायराबी पिठाकडं बघत राहिल्या. “ऑर्डर राहिली तर तू त्या टेम्पोत बसणार.”

“एवढ्यासाठी?”

“जा तू. भोक उठव. आता नाही हात लावणार.” पुढं काही बोलायचं होतं असं वाटलं, पण त्यांनी ओठ मिटले, नि मळलेल्या पिठावर उगाचच पाणी शिंपडलं.

उझमा रागानं शेडमध्ये आली. मॅडम पायरीवर बसून होत्या. जरा वेळानं राग निवळला, त्या जागी नुसता गोंधळ उरला. आईवर चिडावं की आईला जवळ घ्यावं, तिला कळेना. कॉम्प्युटरवर डावा कान कोरा दिसत होता. तिनं बोट माउसवर ठेवलं. उठवायचं होतं, पण बोट दाबेना.

“मामा,” तिनं धुळाप्पाला हाक मारली. “शेवटचं भोक अब्बांनी हातानं पाडलं, तर तिरकं कसं जायचं नाही?”

“जागेवर आधी पंच मारायचे. बारीक खड्डा. ड्रिलचं टोक तिथंच बसतं, हलत न्हाय.”

उझमानं झोपलेलं भोक झोपूच दिलं. त्याच्या बरोबर मध्यावर तिनं दुसरं काढलं, खुणेचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मुरुमचं मशीन ते सगळ्या पट्ट्यांत एकाच जागी पाडणार होतं. मग मोठं भोक कुणीही, कुठल्याही गावात पाडलं तरी दुसरीकडं जाणार नव्हतं.

तिनं समृद्धीला फोन लावला. सगळं नीट सांगितलं, आईचं सोडून.

“म्हणजे डावा कान तू आमच्याकडं येऊन पाडणार,” समृद्धी म्हणाली. “आमच्यासमोर.”

“हो. साचा तोच राहील. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसेल. नाही बसला तर सगळी यंत्रं मी परत नेईन.”

“खुंटी मी स्वतः घालून बघणार.”

“बघा.”

“नारळ तू आणतेस का मी आणू?”

७

शुक्रवारी पहिलं यंत्र टेम्पोत चढलं. अल्ताफ दोर आवळत होता.

“फरशी मस्त निवडली होती,” तो म्हणाला. “बघ, ती बसली नाही खुंटी, तर मी काय फरशी परत दिलेली नाही.”

“घरात बसव, भाई. अम्मीच्या चुलीपाशी.”

धुळाप्पानं ड्रिल कापडात गुंडाळून उझमाच्या हवाली केलं. ती ड्रायव्हरशेजारी बसली. इंजिन सुरू झालं, टेम्पो हलला.

“उझमा.”

हाक मागून आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. धुळाप्पाचा चेहरा पडला. “भाभी, निघाल्या माणसाला मागनं हाक मारू नये.”

“ठाऊक आहे, धुळाप्पाभाऊ. तेवढ्यासाठीच त्या दिवशी मारली नाही.”

सायराबी वाकळ छातीशी धरून उघड्या रस्त्यावर आल्या होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर. टेम्पोच्या मागच्या बाजूला जाऊन त्यांनी डावा कान चाचपला. ज्वारीच्या दाण्याएवढी खूण बोटाला लागली, तशी त्या थांबल्या. उझमा खाली उतरली.

“त्या दिवशी पण मी इथंच उभी होते,” सायराबी म्हणाल्या. “यंत्राचा धनी आजारी होता, येणार नव्हता. धुळाप्पाभाऊ गावी. तुझ्या अब्बांनी एकट्यानं सगळं उरकलं, म्हणाले, पोचवूनच येतो. टेम्पो निघाला तेव्हा मला मागून दिसलं. दोन्ही कानांना भोकं. एकही राहिलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून गिळलं. एक रीत पाळायला दुसरी जाऊ दिली. कुणाला सांगितलं नाही. पोरांनो, तुम्हालाही नाही.”

अल्ताफच्या हातातला दोर सैल झाला. उझमानं आईचा हात धरला. त्याला पीठ लागलेलं होतं.

सायराबींनी शिवायचा कोपरा राहिलेली वाकळ तिच्या खांद्यावर टाकली.

“तेव्हाचं आज बोलते,” त्या म्हणाल्या. “एक राहू दे. आणि त्याच्यासाठी परत ये.”